सुकाणू त्याचं, डोळे तिचे

खरं सांगा. धक्क्याला नाव लागलीय, सुकाणूवर सत्तरीला टेकलेला, पांढऱ्या केसांचा माणूस उभा आहे आणि तुमच्या कडेवर लेकरू आहे. चढाल? की घड्याळात बघितल्यासारखं करून पुढच्या नावेची वाट बघाल?

उत्तर मनातच राहू द्या. बहुतेक लोक चढतात, कारण त्यांना उशीर झालेला असतो. आणि या धक्क्यावर तर लोक मुद्दाम थांबून त्याच म्हाताऱ्याची नाव धरायचे. शेजारची नाव रिकामी हलत असली तरी. कारण या नावेवर भाड्याच्या पैशात करमणूक मिळायची.

करमणूक म्हणजे म्हाताऱ्याची बायको. ती दोरावर होती. नाव लागली की दोर खांबाला अडकवायचा, सुटताना सोडायचा, मधल्या वेळात तिकिटं फाडायची आणि नावेच्या टोकाला उभं राहून समोर लक्ष ठेवायचं, हे दोरावरच्या माणसाचं काम. हिनं त्यात एक काम वाढवलं होतं. नाव सुटल्यापासून लागेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा.

"ओ टोपीवाले, जरा उजवीकडे सरका. तुमच्या टोपीनं अर्धी नदी झाकली."

"ताई, डाव्या बाजूची पिशवी आत घ्या. वाळूची होडी येतेय, बाजारहाट ओढून नेईल."

"मास्तर, आता सरळ बसा. सरळ. अगदी उतरेपर्यंत असंच. घरी बायकोसमोर बसता तसं."

उतारू हसायचे. मास्तरसुद्धा हसायचे. तिला सगळे रेडिओ म्हणत, तोंडावरच म्हणत, आणि ती म्हणायची, "रेडिओला बंद करायचं बटन तरी असतं." नवरा मागे सुकाणूवर उभा. लोक त्याला तांडेल म्हणत. तो ना हसायचा ना बोलायचा. मान जराशी वाकडी करून, कडेकडेनं पाण्याकडे बघत नाव हाकायचा. नव्या माणसाला वाटायचं, काय गुर्मी आहे म्हाताऱ्याला, समोर बघत पण नाही.

तर ती गुर्मी नव्हती. त्याला समोरचं दिसतच नव्हतं.

चार वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग पडायला लागला. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. कडा शाबूत, मध्य गायब. माणूस समोर येऊन उभा राहिला की त्याला त्या माणसाचे कान दिसायचे, तोंड दिसायचं नाही. डॉक्टरनं चष्मा दिला नाही. सांगितलं, हे आहे तेवढं राहिलं तर नशीब, परत येणार नाही. दवाखान्यातून येताना दोघं बसमध्ये शेजारी शेजारी बसली होती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "हात तर माझे चांगले आहेत."

ती म्हणाली, "डोळे माझे चांगले आहेत."

झालं. एवढ्यावर ठरलं. लग्न ठरतानासुद्धा यापेक्षा जास्त बोलणी झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंड उघडलं. जुन्या लोकांना विचारा. ही बाई त्याआधी एवढी अबोल होती की तिकिटाचे सुट्टे पैसेसुद्धा न बोलता हातावर ठेवायची. सासरी आली तेव्हा नणंदेनं हिला ऐकू येतं का म्हणून पाठीमागे ताट आपटून बघितलं होतं. ती बाई वयाच्या साठीत अचानक बडबडी झाली आणि धक्क्यावरच्या लोकांनी त्याचा अर्थ लावला की म्हातारपणी माणूस सुटतं. तिच्या प्रत्येक टोमण्यातला एकच शब्द कामाचा असायचा. उजवीकडे, डावीकडे, सरळ, थांबा. बाकीचं नुसतं वेष्टन. टोपीवाला, ताई, मास्तर ही सगळी माणसं तिला लागायची ती तो एक शब्द गुंडाळायला. आणि मागे उभा असलेला म्हातारा तो शब्द उचलायचा आणि त्याचे हात बाकीचं बघून घ्यायचे. हात खरंच चांगले होते. पाण्याची ओढ तळव्याला कळायची, इंजिनाचा आवाज जरा घोगरा झाला की त्याला आधी समजायचं. दोघांचा मिळून एक पुरा नावाडी होत होता, आणि चांगला होत होता. चार वर्षांत एक ओरखडा नाही.

तिचा गुडघा धरला की नाव बंद. तो सांगायचा, माझी कंबर धरलीय. आपल्या दुखण्यावर त्यानं तिचं दुखणं पांघरून घेतलं होतं, का उलटं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आणि मग कचेरीनं भिंतीवर नोटीस चिकटवली. पासष्टीच्या पुढच्या कुणीही नाव चालवायची नाही.

का? तर वरच्या अंगाच्या एका धक्क्यावर एका म्हाताऱ्या नावाड्यानं नाव घाटाच्या पायऱ्यांवर चढवली होती आणि दोघांचे पाय मोडले होते. वाईटच झालं, कोण नाही म्हणतंय? पण त्याच्या आदल्याच हंगामात विशी-बाविशीच्या एका पोरानं कानाला फोन लावून भरलेली नाव वाळूत घातली होती. तेव्हा कुठली नोटीस निघाली? पंचविशीच्या आतल्यांनी नाव चालवू नये अशी? म्हाताऱ्याची चूक झाली की ती त्याच्या वयाची, पोराची चूक झाली की ती त्या पोराची एकट्याची. हा न्याय खुर्चीत बसून सुचतो. त्या खुर्चीत बसणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझं वय काय आणि तुझी सही अजून सरळ येते का.

नावाडी पेटले. धक्क्यामागच्या दोरांच्या शेडमध्ये सभा भरली. कचेरीचा साहेब आला, तरुण होता, अंगावर धावून जाण्यासारखा नव्हता, त्यामुळे लोकांची जरा पंचाईत झाली. संघटनेचा पुढारी बोलला. पुढाऱ्यांना जसं बोलता येतं तसं, म्हणजे पुष्कळ. साहेब ऐकून म्हणाला, "मग तुम्हीच सांगा, मी कोण चांगला आणि कोण नाही हे कशावरून ठरवू? माझ्याकडे जन्मतारीख सोडून दुसरं काही नाही."

तेव्हा ती उठली. नावेवर बोलून बोलून तिच्या जिभेची भीड चेपली होती.

"जन्मतारखेनं नाव चालते का साहेब? नावेत बसा. एकेकाला सुकाणूवर घ्या, पलीकडे जाऊन परत या. जमलं त्याला राहू द्या, नाही जमलं त्याला घरी बसवा. मग तो सत्तरचा असो नाहीतर सतराचा. पण बघा तरी. न बघता आमचे हात कापू नका."

शेड दणाणली. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "रेडिओचा आवाज वाढवा." साहेबानं थोडा विचार केला आणि मान्य केलं. सगळ्यांची चाचणी फेरी होईल. साठीच्या पुढच्यांची आधी. नावेवर नेहमीसारखा दोरावरचा माणूस असेल, साहेब असेल, साक्षीला पुढारी असेल.

धक्क्याच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास तिनं वाचवला. लोक तिच्या पाया पडायचे बाकी राहिले होते. मग दोघं घरी निघाली. तांडेल तिच्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. चार वर्षं तो असाच चालायचा आणि लोक म्हणायचे, या वयात काय प्रेम आहे बघा.

"चांगलं बोललीस," तो म्हणाला. "आता बोललीस तशी मला पासही करून आण."

"आणीन की," ती म्हणाली.

आणि तेव्हा तिच्या मनात तसंच होतं. हे लक्षात ठेवा. ती कुणी हरिश्चंद्राची लेक नव्हती. घर त्या नावेवर चालत होतं.

मधे चार-सहा दिवस गेले. हवा बदलली होती, तिला खोकला झाला होता. एक दिवस भरलेली नाव घेऊन परत येताना मधल्या पात्रात तिला उबळ आली. साधी उबळ. माणूस खोकतो, डोळ्यात पाणी येतं, छाती धरतो, संपलं. तेवढ्यात नाव जुन्या धक्क्याच्या पाण्यात उरलेल्या खांबाला घासून गेली. लाकूड करकरलं, एक बाई बाकावरून घसरली, कुणाची तरी डब्याची पिशवी पाण्यात गेली. उतारू म्हणाले, बघा तांडेल, रेडिओ खरखरला की तुमचं स्टेशन चुकतं. सगळे हसले. तांडेलसुद्धा हसला.

ती हसली नाही. ती त्या घसरलेल्या बाईला उठवत होती. बाई पोटुशी होती. "काही नाही हो काकू, लागलं नाही," ती बाईच म्हणत होती आणि काकूच्या पाठीवरून हात फिरवत होती, कारण काकू तिचा दंड सोडत नव्हती.

त्या दिवसापासून तिला झोप कशी ती लागेना. तिच्या मनात एकच हिशेब. आपण चौसष्ट वर्षांच्या. आपला घसा, आपली छाती, आपला गुडघा. त्याचं म्हातारपण आपण झाकलं, आता आपलं कोण झाकणार? दोन मोडक्या काठ्या एकत्र बांधल्या की एक चांगली काठी होते, हे खरं. पण दोर सुटला की एकदम दोन मोडक्या काठ्या होतात.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि तो उंबऱ्यात बसला होता. तिनं विचारून बघितलं.

"उद्या माझा आवाज बसला तर?"

"गरम पाणी पी."

"तरी बसला तर?"

"तू चार वर्षांत बसली नाहीस, आवाज कसला बसतोय?" तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तू आहेस ना पुढे. मग झालं."

सांगायचं असतं तर तिथे सांगायला हवं होतं. अहो, सोडू या. पुरे झालं. चार शब्द. तिच्या ओठावर आले आणि तिनं परत गिळले, कारण तिला माहीत होतं की तो नाही म्हणेल, आणि तो नाही म्हणाला की ती ऐकेल. आयुष्यभर ऐकलं होतं.

सकाळी वारा होता, फार नाही. साहेब मधल्या बाकावर बसला, मांडीवर वही ठेवून. पुढारी त्याच्या शेजारी. तिनं दोर सोडला, गुंडाळला आणि टोकाला जाऊन उभी राहिली. नाव सुटली.

ती बोलली नाही.

पहिला टप्पा सोपा असतो. धक्का सोडल्यावर नदी रुंद आहे, त्याचे हात तो टप्पा झोपेतही काढतील. पुढारी म्हणाला, "काय रेडिओ, आज वीज गेली का?" मागून तांडेल म्हणाला, "साहेबाला घाबरली." त्याच्या आवाजात हसू होतं. तिनं ओठ दातांखाली धरला होता. समोर मधलं पात्र येत होतं, तिथे वाळू दर आठवड्याला जागा बदलते आणि तिथेच उजवीकडून वळसा घ्यायचा असतो. रोज ती इथे कुणाला तरी उजवीकडे सरकवायची. आज बाकावर साहेब आणि पुढारी दोघंच. बोलायला माणूस नाही असं नव्हतं. साहेबालाच म्हणाली असती, साहेब, उजवीकडे बसा, ऊन लागतंय. साहेब सरकलाही असता. नाव वळलीही असती, तांडेल पासही झाला असता, आणि जगात कुणाला कधी कळलं नसतं.

तेवढ्यात तिला तराफा दिसला. डाव्या हाताला, पाण्याला चिकटून, पाण्याच्याच रंगाचा. दोन बायका कापलेले लव्हाळे भरून प्रवाहाबरोबर आडव्या येत होत्या.

तिनं गप्प बसायचं ठरवलं होतं, पण दोन जीवांच्या मोबदल्यात नव्हे. पलीकडच्या काठावर भट्टीचं धुराडं आहे. तिनं मनाशी रेघ मारली. नाव त्या धुराड्याच्या रेषेत येईपर्यंत गप्प. त्यानंतर ओरडायचं, काय व्हायचं ते होवो. तिनं छातीत श्वास भरून घेतला आणि तोंड उघडून ठेवलं.

रेषा यायच्या आधी इंजिनाचा आवाज पडला.

तिनं वळून बघितलं. तांडेलनं गियर काढला होता. नाव नुसती तरंगत होती. त्याचा चेहरा वाऱ्याकडे होता, मान वाकडी, आणि तो हवेत विचारत होता, "अगं, आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली.

"मग?"

ती पुढे काही बोलली नाही. तेवढ्यात त्याला कळलं. तिला दुरूनही दिसलं, कसं कळलं ते. माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढलं की तो जसा आधी हातांनी चाचपतो, तसे त्याचे हात सुकाणूवर फिरले आणि मग खाली आले.

प्रवाहानं नाव तराफ्याकडे सरकवली. तिनं लांब बांबू घेतला, तराफ्याच्या कडेला टेकवला आणि जीव खाऊन रेटला. तराफा निसटला. त्यावरची एक बाई उभी राहून कडाडली, "डोळे फुटले का रे मेल्या?"

बायका रोज असंच ओरडतात, पाण्यावर हीच भाषा असते. पण त्या दिवशी नावेवर कुणी हसलं नाही.

"साहेब," तांडेल म्हणाला, "मला समोरचं दिसत नाही. आजचं नाही, जुनं आहे."

पुढारी घाईघाईनं उठला. "वारा होता साहेब. माणूस गांगरला. उद्या परत घ्या ना फेरी, एका फेरीवर काय—"

"बस खाली," तांडेल त्याला म्हणाला. "तुझ्या बायकापोरांना घेऊन बसशील माझ्या नावेत? आता कळल्यावर?"

पुढारी बसला. नाव दुसऱ्या नावाड्यानं होडीतून येऊन परत नेली. तांडेल मधल्या बाकावर उतारूसारखा बसला होता, हात मांडीवर ठेवून. इतक्या वर्षांत त्या बाकावर तो पहिल्यांदाच बसला.

बाकीच्यांचं काय झालं, तेही ऐका, कारण लोक नेमकं तेवढंच विसरतात. धक्क्यावरचा सगळ्यात म्हातारा, टकलू, तांडेलहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्यानं नाव पलीकडे नेली आणि लोण्यातून सुरी काढावी तशी परत आणली, वर साहेबाला म्हणाला, "बुडालो नाही याचं वाईट वाटलं का?" तो अजून चालवतो. आणि चाळिशीचा एक धडधाकट गडी नापास झाला, त्याला फिट येतात हे त्यानं लपवलं होतं. पासष्टीची नोटीस भिंतीवरून निघाली. चाचणी राहिली, सगळ्यांना, दरवर्षी. तिच्यात एक कलम वाढलं, दोरावरच्या माणसानं चाचणीत बोलायचं नाही.

म्हणजे जिंकलो. पण जिंकल्यावर धक्का तिच्याशी कसा वागला? ज्यांच्या नावा तिनं वाचवल्या तेच पाठीमागे म्हणाले, नवऱ्याला बुडवलं हिनं. चार लोकांदेखत त्याची अब्रू काढली. घरात सांगता आलं नसतं का? टकलूनं एकदा त्यांना झापलं, "तुमच्यापैकी किती जणांना माहीत होतं, खरं सांगा. मला माहीत होतं. मी कानाडोळा केला. तिनं निदान केला नाही." त्यावर सगळ्यांना एकदम कामं आठवली.

ती दुसऱ्याच्या नावेवर दोरावर गेली. घर चालायला हवं. तिथे ती बोलत नाही. जुने उतारू म्हणतात, काकू, काहीतरी ऐकवा, तर ती तिकीट फाडून हातावर ठेवते.

आणि तांडेल घरी. तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. भांडला असता तर बरं झालं असतं. जेवायला वाढलं तर जेवायचा, चहा दिला तर प्यायचा. वाळला. खांद्यावर हात ठेवून चालणं सोडलं, भिंत धरून चालायला लागला. कपड्यांच्या बाहीला चुना लागायचा आणि ती न बोलता धुवायची. तिनं माफी मागितली नाही. चुकलं असं तिला वाटत नव्हतं आणि बरोबर केलं असंही छाती ठोकून म्हणता येत नव्हतं, मग मागायचं काय?

असे किती दिवस गेले हे दोघांनीही मोजलं नाही. एका दुपारी ती कामावरून आली, चूळ भरली, पाठ टेकायला भिंतीशी बसली. तो पलीकडे बसला होता. भिंतीकडे बघत म्हणाला,

"त्या दिवशी डाव्या अंगाला काय होतं?"

तिला लगेच समजलं. "तराफा. लव्हाळ्यांचा."

"माणसं?"

"दोघी."

"वयाच्या?"

"एक असेल आपल्या लेकीएवढी. दुसरी पोरसवदा होती."

बाहेर कुणीतरी सायकल लावत होतं, तिची घंटा उगाच वाजली.

"किती लांब होता?"

तिनं हात पसरून दाखवले आणि मग तिच्या ध्यानात आलं. "वल्ह्याच्या अंतरावर," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. हातानं चाचपत तिचा हात शोधला, सापडला, पण धरला नाही, नुसता बोटं टेकवून ठेवली.

"चार वर्षं उशिरा गप्प बसलीस," तो म्हणाला.

तेव्हापासून ती दोघं बोलतात, थोडं थोडं. पण ते वाक्य घरातून गेलेलं नाही.

तुमच्याही घरात असेल कुणीतरी. नाव नसेल, गाडी असेल, यंत्र असेल, नुसती गॅसची शेगडी असेल. आणि तुम्ही हळूच हात लावून त्याचं निभावून नेत असाल, प्रेमानं, आणि तुम्हाला वाटत असेल की यालाच सांभाळणं म्हणतात. त्याचं वय विचारू नका, ते सगळ्यांना माहीत असतं. या आठवड्यात एकदा, समोर कुणी नसेल अशी जागा बघून, त्याच्या शेजारी बसा. आधी त्याला सांगा की आज मी मदत करणार नाही. आणि मग खरंच करू नका.